अक्काचा खुबा

अक्का माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मुलीच्या जातीला इस्पितळातली नोकरी नको म्हणून आमचे वडील, अण्णा, अडून बसले, तेव्हा त्यांच्याशी भांडून मला नर्सिंगला पाठवलं तेही तिनंच.

बसवनगुडीतल्या तिच्या घरी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ते वाकडं सांधलं. उजवा पाय आखूड झाला. चार वर्षं ती काठीवर खुरडत चालली. कुशीवर वळतानासुद्धा ओठ दाबून धरायची.

साठचं दशक संपत आलं होतं. मी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. आमचे सर्जन इंग्लंडहून खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायला शिकून आले होते. मांडीच्या हाडात पोलादी दांडा, त्याच्या टोकाला गोळा, तो फिरायला कमरेच्या हाडात एक वाटी, आणि दोन्ही बाजू पक्क्या करायला एक खास सिमेंट. पांढरी पूड आणि उग्र वासाचं पातळ औषध एकत्र कालवायचं, हाताला चिकटेनासं झालं की लगेच त्यांच्या हातात द्यायचं. हे काम त्यांनी मला शिकवलं होतं. पहिले दोन रोगी चालत घरी गेले. ते पाहून मी अक्काच्या मागे लागले.

भावोजींना पटत नव्हतं. "या वयात कशाला चिरफाड? आहे तसं चाललंय की," ते म्हणाले.

"चाललंय कुठं?" मी म्हणाले. "तिला उंबरा ओलांडता येत नाही."

अक्कानं मला जवळ बसवलं. "तू असशील ना तिथं?"

"मीच असणार. सिमेंट कालवायचं काम माझंच आहे."

ती हसली. "मग तू गवंडीच झालीस की! सरी, करू या," ती कानडी वळणानं होकार देत म्हणाली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. नातेवाइकाच्या वेळी आत थांबू नये, असं सर्जन म्हणाले होते. पण सिमेंट कालवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मी हट्ट धरला. वाटी बसवून झाली. मग मी सिमेंटचा दुसरा गोळा मळून दिला. सर्जननी तो अंगठ्यानं मांडीच्या हाडाच्या पोकळीत खोल दाबला आणि वरून दांडा ठोकला.

दोन मिनिटंही झाली नसतील. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "थांबा. प्रेशर लागत नाही."

मी जखमेकडं पाहिलं. रक्त काळं पडत चाललं होतं, आणि मग वाहायचंच थांबलं. सर्जननी चादरी ओढून काढल्या आणि अक्काच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. इंजेक्शनं झाली. मी सिमेंट लागलेले हातमोजे घालून तशीच उभी होते. अर्ध्या तासानं सर्जननी हात काढले. ते माझ्याकडं पाहू शकले नाहीत.

बाहेर भावोजींना मीच सांगितलं. ते म्हणाले, "पण पायाचं ऑपरेशन होतं ना?" हेच वाक्य त्यांनी तीन-चार वेळा उच्चारलं. त्यांच्या मुलीनं मला एकच विचारलं, "मावशी, आई नको म्हणत होती का गं?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं, तरी ती माझ्यापासून दूर सरकली.

दुसऱ्या दिवशी अक्काला तिरडीवर ठेवलं, तेव्हा तिचे दोन्ही पाय एकसारखे लांब दिसत होते.

सर्जननी इंग्लंडला पत्र लिहून विचारलं. तिकडंही सिमेंट दाबताना काही रोगी असेच अचानक गेले होते. हाडातली चरबी रक्तात जाते म्हणून, की त्या औषधाचंच काही, हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. "आधी माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं," ते म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यानं काहीच हलकं झालं नाही.

तीन महिन्यांनी एका बाईंचं तसंच ऑपरेशन ठरलं. सिमेंट मीच कालवलं. सर्जन ते दाबत असताना मी डोळे मिटून घेतले. बाई वाचल्या. घरी जाताना व्हरांड्यातून माझ्यापर्यंत चालत आल्या आणि माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. मी त्यांना नमस्कार केला, आत जाऊन गजरा काढला आणि रोग्यांची भांडी धुण्याच्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या बाई जगल्याचा मला राग आला होता. असा राग येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.