शेवटची सायकल

सगळे त्याला कप्तान म्हणायचे आणि तो सगळ्यांच्या शेवटी असायचा. शुक्रवारी पहाटे आमच्या इमारतीखालून सायकलींची रांग निघायची, ती मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघायची. पुढे तरणी पोरं, मग नर्सबाया, त्यांत माझी सुमन, आणि सगळ्यांत मागे हा. पन्नाशी कधीच ओलांडलेला, टकलावर लाल हेल्मेट, गळ्यात शिट्टी. आमच्याकडे गुरं राखणारा मागून चालतो, पण तो स्वतःला कप्तान म्हणवून घेत नाही. मी मनात म्हणायची, दम नाही म्हणून मागे राहतो, आणि तेही बायकांच्या मागे.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायची. मुळात मी कमी बोलते, परक्या पुरुषाशी तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या शिक्षणात मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे पक्कं झालं. इथे लिहिताना मात्र मी त्याला ‘तो’च म्हणणार.

सुमन माझी एकुलती एक. इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. जावई शुऐबा बंदराकडच्या कारखान्यात शिफ्टवर असतात. नात ईरा लहान, म्हणून मी राजापूरहून कुवेतला आले. करोनाच्या साथीत सुमनची ड्युटी आयसीयूत होती. साथ गेली, पण हिची झोप परत आली नाही. ड्युटीवरून यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. ईराने हाक मारली तरी उशिरा ओ द्यायची. कप्तान त्याच इस्पितळात एक्स-रे काढायचा. एक दिवस त्याने लिफ्टमध्ये जुनी सायकल उभी धरून वर आणली, बैठकीच्या खोलीत लावली आणि सुमनला म्हणाला, “शुक्रवारी पाचला खाली ये. नाही आलीस तर शिट्टी वाजवीन, मग झोपमोड झालेला शेजारचा इजिप्तवाला हाय आणि तू हाईस.” मला कोणी विचारलं नाही. फरशीवर चाकांचे काळे पट्टे उमटले होते, ते मी पुसले.

तो पारनेरकडचा. मला भेटल्या दिवसापासून आजी म्हणू लागला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीही लहान नसेल. “काय ओ आजी, कोकणात सायकल चालवायला सपाट जागा तरी हाय का? का चढाला हातात धरून चालायचं आणि उताराला देवाचं नाव घ्यायचं?” असं म्हणून तो माझ्याच हातचा चहा प्यायचा. त्याला गोड चहा लागायचा. मी साखर कमी टाकायची. तोही पक्का, कप खाली ठेवून ईराला सांगायचा, “तुझ्या आजीचा माझ्यावर लई जीव. मला शुगर होऊ नये म्हणून जपती.”

त्याच्या सायकलच्या हँडलला एक गोल आरसा होता. दुसऱ्या कोणाच्या सायकलला नव्हता. मी सुमनला विचारलं, भांग बघायला लावलाय का? डोक्यावर तर केस नाहीत. सुमन खूप दिवसांनी हसली. तिचं हसू मला बरं वाटलं, पण ते त्याच्या आरशावरून आलं म्हणून पुरतं बरं वाटलं नाही. त्या शिट्टीचंही तसंच. एक लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी डांबर सोडून रेतीत उतरायचं, असा त्याचा नियम होता. ईराला त्याने तसलीच एक शिट्टी आणून दिली. ती घरात शिट्टी मारायची आणि सुमन भाजी चिरता चिरता खरोखर बाजूला सरकायची. शेवटी मी ती शिट्टी तांदळाच्या डब्यात लपवली.

वाऱ्याचं त्याला फार होतं. पहाटे खाली उभं राहून रुमाल हवेत धरायचा आणि वारा जिकडून येईल तिकडे रांग न्यायचा. दुसऱ्या पोरांना उलटं हवं असायचं, आधी वाऱ्याबरोबर जाऊ या म्हणायची. तो ऐकायचा नाही. म्हणायचा, “पाठीवर वारा असला की माणसाला वाटतं, आपल्यातच जोर हाय. मग लई लांब जातो आणि परत यायला पाय उरत न्हाईत.” सुमन दोन वर्षांसाठी म्हणून कुवेतला आली होती. आता ईरा मला इंग्रजीत उत्तरं देते. त्याचं हे एक वाक्य मला पटलं, म्हणून त्याचा आणखी राग आला.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. पाणी आणि केळी घेऊन एक गाडी रांगेच्या पुढे जायची, तिच्यात ईराला घेऊन बसले. तेलाच्या टाक्या मागे पडल्या आणि पुढे नुसता माळ. झाड नाही, घर नाही, दोन्हीकडे तांबूस रेती आणि मधून काळा रस्ता. त्याने तिथल्या जागांना आपल्याकडची नावं ठेवली होती. उंटांच्या गोठ्यापाशी वळण होतं तो सुप्याचा फाटा. मशिदीबाहेर थंड पाण्याचा नळ होता ती पाणपोई. एके ठिकाणी रस्ता जरासा वर चढत होता, त्याला घाट. मल्याळी आणि फिलिपिनी पोरंसुद्धा “घाट, घाट” ओरडत पाय मारत होती. अणुस्कुरा घाट चढून-उतरून म्हातारी झालेल्या मला तो शेताचा बांधही वाटला नाही.

पुढे वफ्रा गावाची शेतं लागली. काकड्या, टोमॅटो, पत्र्याच्या खोल्या, दारात वाळत घातलेल्या लुंग्या. तिथले बंगाली मजूर त्याला ओळखत होते. तो त्यांच्या बाजेवर बसला, कोणाच्या बापाचं दुखणं विचारलं, कोणाचं लग्न ठरलं का विचारलं. त्यांनी काकड्या धुऊन दिल्या. तो मला म्हणाला, “बघा आजी, अगदी आमचा पारनेरचा माळ. बाभळी तेवढ्या न्हाईत.” मी काकडी खाल्ली. पण मी माळ बघत नव्हते, रस्ता बघत होते. त्या रस्त्याने गाड्या अशा जात होत्या की आधी वारा लागायचा आणि मग आवाज यायचा. त्या गाड्यांच्या कडेला माझी मुलगी दोन बारीक चाकांवर होती. त्या दिवसापासून शुक्रवारी सकाळी माझ्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

मग मी एकदाच बोलले. तो चहाला आला होता, सुमन आंघोळीला गेली होती. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हटलं, “माझी एकच मुलगी आहे. तिला सोडा.”

त्याने कप खाली ठेवला. “सोडतो की,” तो म्हणाला. “मग तिला झोप कशानं येणार, तेवढं सांगा.”

 सुमन शुक्रवारी दुपारी लहान मुलासारखी झोपायची. तिच्या तोंडाला वारा लागून कातडी सोललेली असायची आणि ईरा तिच्या पोटावर पाय टाकून झोपलेली असायची. ते मी रोज देवाजवळ मागितलं होतं आणि देवाने ते ह्या माणसाच्या हातून द्यावं ह्याचा मला संताप होता. त्या दिवशी त्याच्या दुसऱ्या कपात मी साखर टाकलीच नाही.

ते झालं वसंतात. खैरानच्या समुद्रकाठच्या सुट्टीघरांकडे निघालेल्या एका गाडीवाल्या पोराचा डोळा फोनवर होता. सुमनने मला नंतर सांगितलं. मागून लांब शिट्टी झाली. कोणी मागे बघितलं नाही, सगळे सवयीने रेतीत उतरले, दोघी-तिघी पडल्या. सुमनचं कोपर सोलवटलं. शिट्टी मधेच बंद झाली तेव्हा त्यांनी मागे बघितलं. गाडी पुढे जाऊन थांबली होती आणि कप्तान रस्त्याच्या कडेला पडला होता, सायकल त्याच्यापासून लांब.

कोपराला पट्टी बांधता बांधता मी सुमनला विचारलं, त्याला स्वतःला उतरता नाही आलं? ती म्हणाली, “शिट्टी वाजवणारा शेवटी उतरतो, आई. म्हणून तर ते मागे असतात. आरशात मागची गाडी बघतात. आम्हा सगळ्यांपेक्षा हातभर बाहेरून चालवतात, म्हणजे गाडीला आधी ते दिसावेत.” हे सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं.

त्याचा खुबा मोडला होता. मी डबा घेऊन इस्पितळात गेले. भाकरी आणि पिठलं. तो पाय वर टांगून पडला होता, सुकला होता. एक घास खाऊन म्हणाला, “आजी, पिठल्यातसुद्धा खोबरं? कोकणातली माणसं औषधात पण खोबरं घालत असतील.” खोबरं मी मुद्दाम घातलं होतं. डबा त्याने पुसून खाल्ला. मी आभार मानायला गेले होते. एवढंच म्हटलं, “आता गावी जा आणि गप बसा.” तो म्हणाला, “जातो. तुमची कटकट तरी सुटंल.”

नोकरी त्याला पुढे झेपणार नव्हती. काठी घेऊन तो पारनेरला गेला. जाण्याआधी त्याने आरसा सुमनकडे दिला. मी तो आधी ईराच्या खेळण्यांत टाकला, मग कपाटावर ठेवला. सुमनने तो शोधला आणि आपल्या हँडलला लावला. मी तिला माझी शपथ घातली, राजापूरला निघून जाईन म्हटलं. ती म्हणाली, “कोणीतरी मागे असावं लागतंच ना, आई.” तांदळाच्या डब्यातली शिट्टी मी तिला स्वतः काढून दिली. लावायचीच असेल शेवटची सायकल, तर शिट्टीशिवाय नको.

आता शुक्रवारी मी खिडकीत असते. रांग निघते, पुढे तरणी पोरं, मग नर्सबाया, आणि सगळ्यांत मागे, हातभर बाहेरून, माझी सुमन. वळणावर ती दिसेनाशी झाली की थोड्या वेळाने माझा फोन वाजतो. पारनेरला तोवर उजाडलेलं असतं. तो कसे आहात वगैरे विचारत नाही.

“निघाली का?”

“निघाली.”

“वारा?”

“तोंडावर.”

“आणि ती कुठाय?”

“शेवटी,” मी म्हणते आणि फोन ठेवते. त्याला बरं वाटावं म्हणून मी सांगत नाही. ती घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तिकडे त्याच्याही उतरू नये.