मुरुमच्या काकांचा करपलेला घाणा

एखाद्या माणसाचं मन गुलाम आहे की स्वतंत्र, हे त्याच्या ताटात काय वाढलंय ते पाहून ठरवता येतं, असं वाचकहो, तुम्हालाही वाटतं का? मला वाटत असे. वयाच्या विसाव्या वर्षी तर त्याबद्दल मला तिळभरही शंका नव्हती. आणि त्या मापानं मोजलं तर उभ्या निजामी मुलखात माझ्या मुरुमच्या काकांएवढा पक्का गुलाम दुसरा सापडला नसता. आमच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. काका सुट्टी पाळायचे रविवारी, गोऱ्या साहेबाची. सारं गाव सकाळी न्याहरी करी आणि दुपारी जेवे. काका रविवारी न्याहरीही करत नसत आणि जेवतही नसत, साडेदहाला दोन्ही मिळून एकदाच खात. आणि त्या वेळी खायचं काय? भाकरी नव्हे, धपाटं नव्हे, गव्हाची हुग्गी नव्हे. स्कोन! कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, धोतरावर इंजिनिअर साहेबानं दिलेलं बिनबाह्यांचं जाकीट, आणि हातात स्कोन.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. तरुणपणी त्यांनी सोलापूरला रेल्वेच्या एका इंग्रज इंजिनिअराच्या बंगल्यावर सामानसुमान सांभाळायची नोकरी केली होती. त्या बंगल्यात जे जे शिजे त्यात एक तर मांस असे, नाही तर अंडं असे, त्यामुळे काका तिथं आठ वर्षं घरून बांधून नेलेल्या भाकरीवर राहिले. मग एका रविवारी मडमेनं संत्र्याची साल किसून घातलेला एक गोल, जाड, खुसखुशीत पाव त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की यात अंडं नाही. नुसतं पीठ, लोणी, ताक, थोडी साखर आणि सोडा आहे. काकांनी तो खाल्ला. तिथून पुढं त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडले, स्कोनच्या आधीचा आणि नंतरचा. नोकरी सुटली, साहेब विलायतेला गेला, काका मुरुमला परतले, पण रविवारचा नेम सुटला नाही. मुरुमात संत्री मिळेनात म्हणून त्यांनी परसात ईडलिंबाचं झाड लावलं, आणि ते फळाला येईपर्यंत पाच वर्षं नुसते हात जोडून त्याच्याभोवती फिरले. गावाचा सुरुवातीला विश्वास बसेना. "काकानं अंड्याची भाकर चालू केली," अशी कुजबुज झाली, तेव्हा काकांनी महादेवाच्या देवळातून चार वडीलधारी माणसं बोलावून आणली, त्यांना परसात ओळीनं बसवलं आणि पहिल्या मुठीपासून शेवटच्या निखाऱ्यापर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. त्यातल्या एकानं सात खाल्ले. कुजबुज थांबली.

आता त्यांची रीत सांगतो. गव्हाचं पीठ जुन्या मऊ धोतरातून तीनदा चाळायचं. लोणी आदल्या संध्याकाळी गाडग्यात घालून विहिरीत सोडायचं. सकाळी ते पिठात चोळायचं ते फक्त बोटांच्या टोकांनी. "तळहाताला कळता कामा न्हाय," असं काका म्हणत, जणू तळहात हा सरकारी हेर आहे. ताकानं गोळा भिजवून, जाडसर थापून, उपड्या पितळी वाटीनं चकत्या पाडायच्या. मोठ्या लोखंडी पातेल्यात तळाला वाळू, वाळूवर पत्र्याची ताटली, ताटलीत लोणी फासलेला कागद, कागदावर चकत्या. मग झाकण, झाकणावर निखारे, खाली निखारे. एकदा झाकण पडलं की काका जाकिटातलं घड्याळ हातात धरून पातेल्यासमोर पाटावर बसत, आणि त्या पंधरा मिनिटांत घरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा शेजारच्यांची म्हैस व्यायला लागली म्हणून माणूस धावत आला. काकांनी हातानंच त्याला थांबवलं, घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि सात मिनिटांनी म्हणाले, "हां, बोल आता." म्हशीनं तोवर उरकलं होतं.

पण खरी पूजा होती ती सालीची. ईडलिंबू तांब्याच्या किसणीवर अलगद फिरवायचं, पिवळं तेवढं उतरवायचं आणि पांढरं दिसायच्या आत हात आवरायचा. "पांढरं कडू असतंय. पिवळ्यात वास, पांढऱ्यात नुसता राग," असं ते म्हणत. माझी मतं मी निजामाविरुद्धच्या चोरट्या पत्रकांवर वाढवली होती. तेव्हा मीही पत्रकं लिहू लागलो होतो आणि मोठ्या आशेनं एक काकांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, किसणी झटकली आणि म्हणाले, "चांगलं हाय, तम्मा. पन पांढरं लई हाय."

मला ते कानडीतलं 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकट्या भावासारखं. वडिलांनी मला धाराशिवहून त्यांच्याकडं धाडलं होतं ते पत्रकांपासून दूर ठेवायला. मुरुमहून निजामाची हद्द जवळ, आणि हद्दीपलीकडं छापखाने, हे वडिलांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी मुरुमच्या शाळेत शिकवू लागलो, आणि पंधरवड्याला एकदा सोलापूरला जाऊन पोटाला पत्रकं बांधून परत येऊ लागलो. आणि रविवारी काकांच्या ओट्यावर उपाशी बसून स्कोनवर बहिष्कार घालू लागलो.

"खा की," काका म्हणत.

"परकीय वस्तू मी खात नाही."

"गहू कुठला? आपल्या रानातला. लोणी? म्हशीचं. ईडलिंबू परसातलं, इस्तू चुलीतला. सायबाचं काय हाय त्यात, सांग की मला."

"कल्पना साहेबाची आहे, काका."

"मग तेवढी काढून टाक, आन् बाकीचं खा."

काकू आतून म्हणायच्या, "अवो, राहू द्या त्याला उपाशी. देशासाठी लोक जीव देतात, ह्यो एक रविवार देतोय." मग दुपारी ओटा रिकामा झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन ताटलीतला चुरा बोटानं टिपून खाई. चुऱ्याला मी वस्तू समजत नसे.

मला त्याहून खुपे ते काकांचं पाहुण्यांचं धोरण. साडेदहाला त्यांच्या ओट्यावर येईल तो पाहुणा. नियम एकच: चपला आणि भांडणं पायरीखाली ठेवायची. व्यापारी यायचे, गुरव यायचा, शाळेचे मौलवीसाहेब यायचे, आणि कमरेचा पट्टा सैल करत ठाण्याचे अमीनसाहेबही यायचे! जुलमी सत्तेच्या फौजदाराला आपल्या हातानं लोणी लावून देणारा माणूस माझा काका आहे, या विचारानं माझं रक्त उकळे. सगळे जमले की काका चष्मा लावत (भाजताना तो काढून ठेवलेला असे, कारण काचांवर वाफ धरते), झाकण उचलत, एक स्कोन उलटा करत, त्याच्या तळावर टिचकी मारून आवाज ऐकत आणि तो तळ सगळ्यांना गोल फिरवून दाखवत. "तेवीस वर्षं झाली. एक घाणा करपला न्हाय," हे वाक्य ठरलेलं. त्या माणसाला दुसरा गर्व नव्हता. शेतीत त्यांना गती नव्हती, दुकान भावांनी सांभाळलं होतं, मूलबाळ झालं नव्हतं. गावात त्यांचं जे काही नाव होतं, ते त्या सोनेरी तळावर उभं होतं.

महायुद्धाच्या दिवसांपासून कागद दुर्मीळ झाला होता. काकांकडचे, स्कोनखाली घालायचे, साहेबाच्या वेळचे कोरे ताव संपत आले होते. मी सोलापूरला निघालो की ते दरवेळी म्हणत, "तम्मा, येताना कागद आण." आणि दरवेळी मी विसरत असे, खरं सांगायचं तर विसरत नसे, साहेबाच्या पावासाठी हद्दीवरून ओझं वाहणं मला मान्य नव्हतं. मी माझाच कागद आणत होतो. एका खेपेला आणलेला पत्रकांचा गठ्ठा कुठं लपवावा हे मला सुचेना, कारण बाजारात आमची पत्रकं सापडल्यापासून झडत्या सुरू झाल्या होत्या. शेवटी मी तो काकांच्या लाकडी पेटीत ठेवला. त्या पेटीत वाटी, किसणी, चाळायचं धोतर असे, आणि तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. माझ्या डोक्यातून एकच गोष्ट निसटली: पेटीच्या मालकाची छाती होती.

रविवारी मी ओट्यावर आलो तेव्हा झाकणावर निखारे पडले होते आणि काका कधी नव्हे ते त्या पंधरा मिनिटांत माझ्याशी बोलले. हळूच म्हणाले, "बोलला न्हाईस, पन आणलास. नक्षीचा कागद हाय, व्हय? झ्याक हाय." त्यांचे डोळे ओले होते. बिनचष्म्याच्या त्या डोळ्यांना माझ्या जळजळीत ओळी नक्षी वाटल्या होत्या. उरलेला गठ्ठा त्यांच्या मागं पेटीत होता. मी पेटीकडं झेप घेणार तेवढ्यात पायरीवर बूट वाजले. अमीनसाहेब आले होते. आज पट्टा सैल नव्हता, आणि मागं दोन शिपाई होते.

"माफ करना काका, हुकूम है," ते म्हणाले. "सगळ्याच घरांची झडती घेतोय. पण आधी ते खाऊन घेऊ, फिर काम."

काकांनी चष्मा लावला, झाकण उचललं. ईडलिंबाचा तो वास ओटाभर पसरला. त्यांनी एक स्कोन उलटा करून टिचकी मारली. तळ सोनेरी होता, आणि त्या सोन्यावर लोण्यानं उतरवून घेतलेली काळी अक्षरं उलटी उमटली होती. मी जवळ होतो, मला दिसली. ठळक मथळा तर उलटाही वाचता येत होता. काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. अमीनसाहेबांनी ती वाचली असती तर त्या घरातून त्या दिवशी मी तुरुंगात गेलो असतो, आणि आसरा दिला म्हणून साठीचे काकाही.

"क्यों काका? आज तळ नहीं बताते?" अमीनसाहेब हसत म्हणाले.

काकांनी स्कोन परत ताटलीत ठेवला, सुलटा. आवाज अगदी बारीक झाला होता.

"करपलं, हुजूर."

मौलवीसाहेबांनी तोंडाकडं नेलेला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"क्या बात करते! थोडा जला हुआ चलेगा की."

"करपलेलं पाव्हण्याला देत न्हाईत माझ्या घरात." आणि काकांनी फडक्यानं ताटली धरली, परसात जाऊन सगळा घाणा कागदासकट म्हशीच्या आंबवणाच्या पाटीत उलथा केला आणि दोन्ही हातांनी कालवला. मग परत येऊन त्या लाकडी पेटीवर बसले, जाकिटाची गुंडी काढली आणि उपरणं तोंडाला लावून रडू लागले. मला वाटलं, काय नाटक करतात! जवळ गेलो, तर ते नाटक नव्हतं.

अमीनसाहेब शिपायांना हळू आवाजात म्हणाले, "चलो. इनके घर में आज मातम है." बुटांचा आवाज न करता ते पायऱ्या उतरले. पत्रक म्हशीनं संपवलं. काकू एवढंच म्हणाल्या, "म्हस पन आता भाषणं करील."

गावानं मात्र सोडलं नाही. काका दिसले की, "काय काका, करपलं का?" हे सुरू झालं. पोरं विचारत, बाजारातले व्यापारी विचारत. खरं सांगणं म्हणजे आम्हा दोघांना फासात देणं होतं, म्हणून मी, जो पत्रकांतून सत्याच्या नावानं गर्जत होतो, तो गप्प बसलो. काका नुसतं म्हणत, "व्हय बाबा. एकदा करपलं." पुढचे रविवारही ते भाजत राहिले, पण तळ दाखवायचा थांबला. मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त मी हद्दीपलीकडं कायमचा निघालो त्या सकाळी पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "आता आणशील तवा कोरा आण, तम्मा."

निजामाचं राज्य गेलं, झेंडा बदलला आणि मी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा अख्खा दस्ता घेऊन मुरुमला गेलो. काका त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच वारले होते. काकूंनी दस्ता हातात घेतला, पदरानं पुसला आणि त्या पेटीत वाटीखाली ठेवला. परसात ईडलिंबं पिकून खाली पडली होती. मी एक उचललं, किसणी मागितली, आणि पिवळं संपायच्या आत हात आवरला. आयुष्यात पहिल्यांदाच.

गुलाम कोण आणि स्वतंत्र कोण, यावर मला आणखी बरंच लिहिता येईल, पण पुढं पांढरं आहे. म्हणून फक्त एक मागणं. तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त मुरुमला गेलात, आणि बाजारात कुणी हसत सांगू लागलं की इथल्या एका म्हाताऱ्याचा साहेबी पाव एकदा करपला होता, तर माझ्यासाठी घटकाभर थांबा आणि त्याला सांगा: तो घाणा करपला नव्हता. तळ सोनेरी होता. पाहणारा माणूस जिवंत आहे.