रेनो साल्मीने न केलेलं वेल्डिंग

आमच्याकडे, अमेरिकेत लेक सुपिरियर सरोवराच्या काठाला, हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतो आणि गाड्या कुजतात. म्हणून माझ्या शेजाऱ्याला, रेनो साल्मीला, चाळीस वर्षं कामाची ददात पडली नाही. जुन्या पिकअपचा गंजलेला तळ कापून नवा पत्रा बसवावा तर रेनोनेच. त्याच्या वेल्डिंग मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला मात्र त्याला खपत नसे.

गेल्या मे महिन्यात डॉरिस नीमीने सासऱ्यांची पिकअप आणली. म्हातारा नाताळाआधी वारला होता.

"उजवीकडे पायाखालचा रस्ता दिसतो बघ," डॉरिस म्हणाली. "डावा तळ ठणठणीत आहे. तो तूच केलास ना दहा-बारा वर्षांपूर्वी? बाबा सगळ्यांना सांगायचे."

रेनोने डावीकडची रबरी चटई उचलली. वेल्डिंगचे टाके जवळजवळ घातलेले, सांध्यांत लांबीचा लेप नीट भरलेला. काम चोख होतं. पण पत्र्याचे कोपरे गोल होते. रेनो कोपरे कायम काटकोनात कापतो.

"हे माझं नाही."

"मग बाबा काय खोटं बोलत होते?"

रेनोने चटई परत खाली टाकली. संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला.

"खरं सांग, मी विसरायला लागलोय का?"

"माझं बर्फ काढायचं यंत्र तीन वर्षं तुझ्याकडे पडलंय. ते सोडलं तर नाही."

"हसू नकोस रे. माझे वडील शेवटी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसायचे. कोट घालून."

मग मला हसू आलं नाही.

पुढचे दोन दिवस त्याने उजव्या बाजूचं काम केलं. स्क्रू-ड्रायव्हर टोचत टोचत पक्का लोखंडी भाग सापडेपर्यंत गेला, खालची ब्रेकची नळी बाजूला बांधली, गंज कापून काढला. पण मधेच थांबून डावीकडे बघत राहायचा. एकदा तर ग्राइंडर चालूच, आणि हा गाडीखाली आडवा, त्या गोल कोपऱ्यावरून बोट फिरवतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको लेम्पी मांस-बटाटा भरलेली गरम पॅस्टी घेऊन आली. मीही तिथेच होतो.

"लेम्पी, हे मी केलंय?" त्याने एकदाचं विचारलं.

तिने वाकून पाहिलं. "नाही. मी केलंय."

रेनोने ग्राइंडर खाली ठेवला.

"छपरावरचा बर्फ काढताना पडून तू कंबर मोडून घेतलीस ना, त्या हिवाळ्यात. तू सहा आठवडे हॉस्पिटलात. नीमी म्हातारा गाडी घेऊन आला. म्हटलं, ठेवून जा. त्याला वाटलं, तू घरी आल्यावर केलंस."

"तुला वेल्डिंग येतं?"

"तीस वर्षं जेवणाचा डबा घेऊन येते इथे. डोळे मिटून येते का?"

"आणि हे कोपरे?"

"पुठ्ठ्यावर बशी ठेवून आखले. काटकोन मला जमेना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सगळं कापून पुन्हा केलं असतंस."

हे इतकं खरं होतं की मी पॅस्टीत तोंड घातलं. रेनो पुन्हा गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त बूट दिसत होते.

"तळाच्या मधल्या उंचवट्याला पत्रा वाकवलास कसा?" खालून आवाज आला.

"सुपाच्या पातेल्यावर ठेवून ठोकला."

तो बाहेर आला, कपाळाला ग्रीस, चेहऱ्यावर राग की काय ते मला ओळखता येईना. त्यालाही येत नसावं. त्याने वेल्डिंगचा मुखवटा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि लेम्पीपुढे केला. उजव्या तळाचा शेवटचा सांधा तिने जोडला. हा शेजारी उभा राहून "हळू, पत्रा तापेल, आता दुसऱ्या टोकाला घे" असं बडबडत होता, आणि ती ऐकत नव्हती.

काम झाल्यावर त्याने विचारलं, "त्या सहा आठवड्यांत आणखी किती गाड्या केल्यास?"

"हात धू आणि जेव," लेम्पी म्हणाली.

अजून तिने आकडा सांगितलेला नाही. रविवारी चर्चबाहेर कुणाची जुनी पिकअप उभी दिसली की रेनो चांगल्या कपड्यांत गुडघे टेकून गोल कोपरे शोधत खाली डोकावतो, आणि उठतो तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गोंधळलेला असतो.