चिलटाची शेवटची बाटली

आमच्या धाकटीला घरात सगळे चिलट म्हणतात. हाडकुळी आहे म्हणून नव्हे. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटं असतात ना, त्यांच्या पेशी ती प्रयोगशाळेत वाढवते म्हणून. त्या पेशींत तिने एक जनुक घातलं होतं. ते चालू झालं की पेशी हिरव्या चमकायच्या. "सगळं आयुष्य चिलटांत घालव," मी चिडवायचे. "तुझं नाही का भांड्यांत गेलं?" ती फटकन म्हणायची.

पेशींचा गोठवलेला साठा फ्रीझर बिघडला तेव्हाच गेला. उरली एक बाटली. चिलटाची पदवी तिच्यावर टांगलेली.

शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरीणबाईंना, देव त्यांचं भलं करो, ती बाटली फळीवर उघड्यावर दिसली. त्या माणसांच्या पेशींवर काम करतात, त्या पेशींना ऊब लागते. "पोरगी विसरली वाटतं," म्हणत त्यांनी बाटली उबेच्या कपाटात ठेवून दिली. अहो, चिलटांच्या पेशींना आपल्या अंगाएवढी ऊब म्हणजे भट्टी! भलं करायला गेल्या आणि होत्याचं नव्हतं करून बसल्या.

चिलट पार कोसळली. "ताई, चटका बसला की पेशी बाकीची जनुकं बंद करतात. जीव वाचवणारी तेवढी चालू. वाढणं बंद, दुभागणं बंद."

"म्हणजे मेल्या?"

"थांबल्यात!" ती माझ्यावर ओरडली. "मेल्या म्हणू नकोस."

मेलेली पेशी निळा रंग आत घेते म्हणे. तिने रंग घालून बघितलं, थोड्या निळ्या झाल्या नाहीत, म्हणजे तेवढ्या जिवंत होत्या. तिचे सर म्हणाले, टाकून दे. ही कसली ऐकते! रोज झाकण उघडायची, थेंब काढायची, बघायची. हिरवं काही दिसायचं नाही. जेवणाची शुद्ध नाही, केसांना फणी नाही. मी डबा न्यायचे आणि तसाच परत आणायचे. रडू यायचं मला, आणि रागही.

परवा गेले, तर बाटलीतलं पाणी गढूळ! पेशी वाढल्या की गढुळतं, तिनेच सांगितलेलं. "अगं चिलटे, वाढल्या!" मी तिला मिठीच मारली.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"वाढलंय खरं," ती म्हणाली. "पण बुरशी आहे, ताई. मीच आत सोडली. रोज झाकण उघडून उघडून."

मी डबा खाली ठेवला.

"आता सगळंच मारून टाकायला हवं. ब्लीच तू ओत," ती म्हणाली. "माझा हात धजत नाही."

मी ओतलं.