पुढे चालणारीचं नाव

शालिनीताईंना ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा मी स्ट्रेचरच्या मागे चालत होते. उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलचा पॅसेज लांबलचक, फिनेलच्या वासाने भरलेला. त्यांचा मुलगा निलेश औषधं आणायला खाली गेला होता, त्यामुळे मागे चालणारी मी एकटीच. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं. ताईंनी उशीवरची मान कष्टाने वळवली, माझं तोंड नीट निरखलं आणि म्हणाल्या, "मंगल." एवढंच. निरोप नाही, प्रश्न नाही, घाबरू नकोस वगैरे काही नाही. मी उत्तरादाखल तोंड उघडणार तोच वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं आणि दार मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात हिशेबाला बसले होते, तेव्हा निलेशचा फोन आला. "मावशी, आई गेली," म्हणाला. आमच्या सिंधी शेठांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता म्हणाले, "मंगलबेन, काम रहने दो. घर जाओ." मी बदलापूरला घरी कशी आले ते मला अजून आठवत नाही. आठवते ती ती एक हाक. त्या हाकेला माझ्याकडून काय हवं होतं हे मला माहीत होतं, आणि ते द्यायच्या आत दार मिटलं होतं.

ते काय होतं हे सांगायचं तर मागे जावं लागेल, आणि आधी हेही कबूल करावं लागेल की मी भित्री बाई आहे. लिफ्टला घाबरते, पालीला घाबरते, गॅसचा कॉक बंद केलाय की नाही ते बघायला स्टेशनच्या रस्त्यावरून परत येते. बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालतानाही मी कठड्यापासून चार हात लांब बसायची. तिसऱ्या मजल्यावर शालिनीताईंचं पोळीभाजी केंद्र होतं. केंद्र म्हणजे त्यांचंच स्वयंपाकघर. त्यात बिल्डिंगमधल्या आणि आसपासच्या बायका पोळ्या लाटायला येत आणि पहाटेपासून पोळपाटांचा आवाज खाली माझ्या घरापर्यंत ऐकू यायचा. विधवा बाई, एक मुलगा शिकवून पुण्याला पाठवलेला, आवाज खणखणीत, चालणं तुरुतुरु. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, त्या चार दिवस चूल बंद ठेवत आणि या सगळ्या बायकांना घेऊन डोंगरात जात. देवदर्शन नाही, वॉटर पार्क नाही. घाट, दऱ्या आणि गावं. "लाटून लाटून माना खाली गेल्यात बायकांच्या. वर बघायला लावायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांनी पहिल्यांदा कसं नेलं हे माझ्या नवऱ्यालाही कोडं आहे. त्यांनी विचारलंच नाही. "मंगल, तुझी पिशवी मी बघून घेतलीये, स्वेटर जाड घे," एवढंच म्हणाल्या आणि मी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसले. गाडी उल्हासनगरच्या घनश्यामची. दरवर्षी तोच. मुरबाड मागे पडलं, माळशेज सुरू झाला आणि माझ्या बाजूची खिडकी नुसती आभाळाने भरली. खाली काय आहे ते ढगांमुळे दिसत नव्हतं आणि न दिसणंच जास्त भयंकर होतं. मी सीट सोडून खाली, पिशव्यांमध्ये जाऊन बसले. घनश्याम आरशातून बघत म्हणाला, "दीदी, नीचे बैठोगे तो उलटी होगी. बाहर देखो, डर कम होता है." कसलं काय. ताईंनी मला हाताला धरून उठवलं नाही की हसल्या नाहीत. त्या येऊन माझ्याशेजारी पिशव्यांमध्ये बसल्या, आल्याची वडी माझ्या तोंडात घातली आणि घाट संपेपर्यंत तिथंच बसून राहिल्या. त्यांचा हात गार पडला होता. तेव्हा मला वाटलं, खिडकीतून वारा येतोय म्हणून असेल.

डोंगरात पायी चालताना त्यांची एक पद्धत होती. ताईंचं माहेर बारवी धरणाकडच्या जंगलातल्या एका पाड्यावर. लहानपणी त्या आईबरोबर, काक्यांबरोबर मोळी आणायला रानात जात. बायका एकामागे एक चालत आणि थोड्या थोड्या वेळाने हाजिरी होई. पण त्यात कुणी स्वतःचं नाव सांगायचं नाही. पुढच्या बाईने थांबून मागे वळायचं, मागचीचं तोंड बघायचं आणि तिचं नाव घ्यायचं. मग तिने तिच्या मागचीचं. असं शेवटपर्यंत. रानात आपलं नाव आपण मोठ्याने घेतलं तर चकवा ते ऐकतो, मग त्याच आवाजात हाका मारून वाट चुकवतो, असं त्यांची आई सांगायची. ताईंचा चकव्यावर विश्वास होता की नव्हता कोण जाणे, पद्धतीवर मात होता. "आपन हाये हे आपन नाय सांगायचं गो. दुसरीनं बघून सांगायचं," असं त्या म्हणत. डोंगर लागला की त्यांच्या बोलण्यात माहेर यायचं. आम्हीही मग तसंच करायचो. ताई पुढे. त्या वळून म्हणत, "सीमा." सीमा म्हणे, "वत्सला." असं करत शेवटी कुणीतरी म्हणे, "मंगल." कारण शेवटी मीच असायची. मग पुढून ताईंचा आवाज यायचा, "चला गं." ते 'चला गं' ऐकलं की माझ्या जिवात जीव यायचा.

सांदण दरीला गेलो तो माझा तिसरा की चौथा प्रवास. भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेने जाऊन साम्रदला एका घरी उतरलो होतो. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली उभी भेग. आत उतरलं की दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये घरांएवढाले धोंडे, आणि वर आभाळ परकराच्या नाडीएवढं उरतं. निघताना घरमालक आजोबा म्हणाले होते, "ढग दिसला का मागं फिरा. दरीत पानी कवा येतं ते कळत नाय." दिवाळी होऊन गेलेली, आभाळ लख्ख, पावसाचं काही कारणच नव्हतं. आम्ही कमरेएवढ्या पाण्याचं एक डबकं ओलांडून आत शिरलो. मी कड्याला हात लावून, एकेक दगड चाचपत शेवटी. आणि दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात ती वरची नाडी काळी झाली.

ताई लगेच उठल्या. "फिरा मागं," म्हणाल्या आणि सगळ्यांना ओलांडून पुन्हा पुढे झाल्या. सगळ्या बायका भराभर त्यांच्या मागे लागल्या आणि मी आपली पुन्हा शेपटाला. थोडं चालल्यावर सीमाच्या बुटाचा बंद सुटला म्हणून रांग थांबली. ताई तोवर पुढच्या धोंड्याच्या वळणाआड गेल्या होत्या. सीमा म्हणाली, "ताई पाणी बघायला पुढे गेल्यात, तोवर हाजिरी घेऊन टाकू." तिने वळून वत्सलाचं नाव घेतलं, वत्सलाने तिच्या मागचीचं, असं करत माझं नाव आलं. सगळ्या होत्या. बायकांना हुश्श झालं. कुणीतरी चिवड्याचा डबाही उघडला.

मी वाट बघत होते ती 'चला गं'ची. ते येईना. कपाळावर थेंब पडला, मग मानेवर. कड्यावरून एक बारीक धार उतरायला लागली आणि माझ्या पायाखालच्या दगडांमधून पाणी वाहू लागल्याचा आवाज यायला लागला… खरा की माझ्या मनाचा, ते मला कळेना. "ताई चला का म्हणत नाहीत?" मी पुढच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, आत्ताच तर हाजिरी झाली. सगळ्या आहेत." आणि एकदम माझ्या लक्षात आलं. सगळ्या होत्या, कारण ज्यांची नावं घेतली जातात त्या सगळ्या होत्या. पुढे चालणारीचं नाव आमच्यात कुणीच घेत नव्हतं. तिच्यापुढे कुणी नसतंच. ती हरवली असती तरी आमची हाजिरी पुरीच भरली असती.

मी ओरडले. "शालिनीताई…" कड्यांनी माझाच आवाज मला परत दिला, तो ऐकून माझी बोबडी वळली. पुन्हा ओरडले. आणि अगदी जवळून, त्या वळणावरच्या धोंड्याच्या बुडातून, उत्तर आलं, "ओ… हितं हाय गो." दोन दगडांच्या फटीत त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत अडकला होता. हाताचं साल निघालेलं. फटीतलं पाणी पोटरीपर्यंत चढलं होतं. सीमा आणि वत्सलाने दगडाला पाठ लावून जोर दिला, मी पुढे जाऊन ताईंना बगलेत धरून ओढलं, आणि बूट आत ठेवून पाय तेवढा बाहेर आला. डबक्यापाशी पोचलो तेव्हा मघाशी कमरेएवढं असलेलं पाणी छातीशी आलं होतं. आम्ही एकमेकींचे दुपट्टे धरून बाहेर पडलो. मी त्या पाण्यात नक्की रडत होते. पावसाने कुणाला कळलं नाही, इतकंच.

संध्याकाळी साम्रदच्या त्या घराच्या ओट्यावर त्यांच्या पायाला हळद लावून बसलो होतो. मला राग आला होता. घाबरून गेलं की मला नंतर राग येतो. "तुम्ही हाक का नाही मारली? पंधरा पावलांवर तर होतात," मी म्हणाले. त्यांनी हळद लावलेला पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "ओरडले असते तर सगळ्या त्या ओल्या धोंड्यांवरून धावत आल्या असत्या. एखादी पडली असती. आणि आपलं नाव आपण कसं घ्यायचं… मी ऐकत होते ना. सीमाने वत्सलाला घेतलं, एकेकीचं होत होत तुझंही झालं. मला वाटलं, आता माझं येईल. ते येईना." थोड्या वेळाने त्यांनी चहाची पितळी खाली ठेवली. "मी घाबरले होते, मंगल. आज नाही, नेहमीच घाबरते. घाटातसुद्धा. मागे राहिले तर माझ्याच्यानं पाऊल उचलणार नाही, म्हणून पुढे चालते." मला माळशेजमधला तो गार हात आठवला. एवढी वर्षं मी त्यांच्या आधाराने चालत होते आणि त्यांना आधार कुणाचाच नव्हता, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

त्या दिवसापासून पद्धतीत एक भर पडली. शेवटचीने पहिलीचं नाव घ्यायचं. म्हणजे मी. हाजिरी माझ्यापर्यंत आली की मी रांगेच्या शेपटावरून मोठ्याने "शालिनीताई" म्हणायची आणि पुढून "ओ" यायचा. मग 'चला गं'. नाणेघाटात, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये, भाताची कापणी झालेल्या शेतांच्या बांधांवरून, दरवर्षी हेच. बिल्डिंगमध्येही सवय लागली. दिवे गेले की डबे घेऊन जिना उतरताना अंधारात नावं सुरू व्हायची आणि शेजारचे देशपांडे दार उघडून म्हणायचे, "आला वाटतं गड." माझी भीती काही गेली नाही. पण तिला एक काम मिळालं होतं.

आणि म्हणूनच ते दार. पॅसेजमध्ये त्या पुढे होत्या, मी मागे, आणि आमच्यामध्ये कुणी नव्हतं. त्यांनी वळून, तोंड बघून, माझं नाव घेतलं. पुढचं नाव माझ्याकडून यायचं होतं.

गेल्या रविवारी निलेशने स्वयंपाकघर आवरायला आम्हाला बोलावलं. पोळपाट वाटून घेतले, मोठी परात सीमाने घेतली. मला कुणी काही विचारलं नाही, मीही मागितलं नाही. तेवढ्यात मला घनश्यामचा फोन आला. "दीदी, दिवाली के बाद की गाडी रखूँ, या किसी और को दे दूँ?" फोन स्पीकरवर होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी "बघू" म्हणून फोन ठेवला, पण मनात 'नको'च होतं. त्या दऱ्या, ते घाट आणि पुढे कुणी नाही…

निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि नेहमीसारखे दिवे गेले होते. निलेश आधीच बाहेर पडला होता, म्हणून कुलूप मी लावलं आणि साहजिकच जिन्यावर शेवटी राहिले. खालून, कुणी ठरवलं नसताना, नावं सुरू झाली. सीमा पुढे होती, तिने वत्सलाला घेतलं. अंधारात एकेक नाव वर चढत येत होतं आणि मला कळत होतं की ते माझ्यापर्यंत येणार. आलं. "मंगल." आता माझी पाळी. सीमाचं नाव घ्यायचं होतं, ते मला माहीत होतं. तोंडून निघालं, "शालिनीताई…"

जिना गप्प झाला. उत्तर येणार नाही याची मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर, येईल याचीही. मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. तळमजल्यावर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

मग खालून सीमाचा आवाज आला. "मंगल, खाली ये. पुढे हो तू."

"मी? अगं, मी घाबरते," मी म्हणाले.

"त्याही घाबरायच्या ना. तूच सांगितलंस."

भिंतीला हात लावून, एकेकीला ओलांडत मी उतरले. सगळ्यांच्या हातात भांडी होती, वाट द्यायला त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत होत्या. पुढे पोचले तेव्हा माझ्यासमोर नुसता काळोख होता आणि पायऱ्या दिसत नव्हत्या. मी मागे वळले, सीमाचं तोंड अंधारात जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि तिचं नाव घेतलं. नावं वर गेली. मग वरून, अगदी शेवटून, आता जी शेवटी होती तिचा आवाज आला.

"मंगल…"

मी ओ दिली.