भरावातला फोटो

तळोज्याच्या एका कारखान्यात पहिला बॉयलर आला तेव्हा त्याचा फोटो काढायला हारुनभाईंना बोलावलं होतं. तो फोटो मी पाहिला आहे. त्यात फिटर आहेत, वेल्डर आहेत, ट्रेलरचा ड्रायव्हर आहे, नारळ फोडणारे भटजी आहेत, कँटीनचा आचारी हातात झारा घेऊन ताठ उभा आहे. बॉयलर नाही. तो या सगळ्यांच्या मागे आहे. बारकाईनं पाहिलं तर आचाऱ्याच्या टोपीच्या वर लोखंडाची काळी कड दिसते, तोच तो.

हारुनभाईंना यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "बॉयलर काय, उद्याही तिथंच हाय," ते म्हणत. "माणसं पुन्हा एका जागी मिळतील काय?"

त्यांचं घर मूळचं तळोजे गावातलं. वडील मकबूलभाई पनवेलपर्यंतच्या गावांत लग्नाचे फोटो काढत. त्यांनी मुलाला दोन गोष्टी शिकवल्या. माणसाचा फोटो चोरून काढायचा नाही. त्याला सांगायचं, केस विंचरायला वेळ द्यायचा, सरळ उभं करायचं. आणि बटण दाबण्याआधी मोठ्यानं म्हणायचं, "इकडं बघा, हसू नका!" जुन्या कॅमेऱ्यापुढे हसणारा माणूस हलायचा, आणि हललेल्या माणसाला फोटोत दोन तोंडं यायची. पुढे कॅमेरे सुधारले, हारुनभाईंनी याशिका घेतला, पण "हसू नका" तसंच राहिलं. नेरुळ-सारसोळ्याच्या कितीतरी घरांत भिंतीवर गंभीर नवरा-नवरी लटकत होती, ती त्यांच्यामुळे.

नेरुळ गावात त्यांनी नूर फोटो स्टुडिओ थाटला तेव्हा शहर अजून यायचं होतं. त्याचे फलक तेवढे येऊन पोचले होते. मोकळ्या रानात खांबावर सेक्टरचा नंबर लिहिलेला असे आणि सेक्टरमध्ये म्हशी बसलेल्या असत. जुन्या मिठागरांवर फक्कीच्या रेघा मारून कुणीतरी रस्ते आखून गेलं होतं. रस्ता नव्हता, पण रेघ ओलांडताना माणसं उगाच दोन्हीकडे बघत. त्या दिवसांत मी स्टुडिओच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहून कथा लिहीत होतो. खाली पडद्यावर रंगवलेलं तळं होतं, त्यात हंस होता. त्या गावातलं तेवढं पाणी काय ते गोड, बाकी सगळं खारं.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत खाडी ओलांडून बेलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी भराव पडू लागला. भरावाचं काम घेतलेल्या कंपनीचे श्यामसुंदर साहेब एक दिवस स्टुडिओत आले. वाशीतल्या एका शाळेच्या सभागृहात नव्या शहराच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात भरावाच्या कामाचा एक मोठा फोटो हवा होता.

हारुनभाई त्याच संध्याकाळी भरावावर गेले. तिथं डोक्यावरून मुरूम वाहणाऱ्या बायकांची टोळी होती. टोळीची पुढारी वेणूबाई, बहात्तरच्या दुष्काळात परभणीकडून आलेली. तिच्याबरोबर तिची नणंद पुतळा. रोलर चालवायला सारसोळ्याचा सदू. हारुनभाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "वाशीच्या भिंतीवर लागणार तुमी. एकेकाचं तोंड ओळखू येणार. हा माझा शब्द."

"समद्यांचं?" वेणूबाईनं विचारलं.

"सगळ्यांचं."

"माजा रोलर पन?" सदू म्हणाला.

"रोलरला तोंड कुठाय?"

"माज्यापेक्षा बरा हाय तो दिसायला."

दुसऱ्या दिवशी हारुनभाई पोचले तर भरावावर काम नव्हतं, लग्न होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, तेल लावून, आबोली माळून आल्या होत्या. घमेली पाठीमागे लपवलेली. सदूनं रोलर तेलानं पुसून त्याला दसऱ्यासारखी झेंडूची माळ घातली होती. हारुनभाईंना फार बरं वाटलं. त्यांनी बुटक्यांना पुढे बसवलं, उंचांना मागे उभं केलं, वेणूबाईला मधोमध खुर्ची दिली. इकडं बघा, हसू नका.

श्यामसुंदर साहेबांनी फोटो पाहिला.

"हे काय? रेल्वेचं लग्न लागलंय का?"

"साहेब, सगळे ओळखू येतात."

"मला कोणी ओळखू यायला नकोय. काम दिसलं पाहिजे. काम चाललेलं असताना काढा, आणि कॅमेऱ्याकडे कोणी बघायचं नाही."

हारुनभाईंनी तेही केलं. कामाच्या कपड्यांत, डोक्यावर घमेली घेऊन टोळी चालू लागली. पण कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं सांगितल्यावर माणसाला दुसरं काही बघताच येत नाही. पुतळानं मान इतकी वळवली की घमेलं पडलं. वेणूबाई आभाळाकडे बघत राहिली आणि तिनं पुढचीच्या पायावर पाय दिला. सदूनं सोपा उपाय काढला, डोळे मिटून घेतले.

"आता काय, वरून विमान चाललंय?" हा फोटो बघून साहेब म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून एक गुळगुळीत फोटो काढून हारुनभाईंच्या हातात दिला. दादरच्या एका फोटोग्राफरनं कुठल्याशा धरणावर काढलेला. घमेली घेतलेल्या बायकांची लांब ओळ, पाठमोरी, टेकडीकडे जाणारी. सुंदर होता. "असा आणा. नाहीतर सोमवारी मी यालाच बोलावतो."

घरी येऊन हारुनभाईंनी पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नी खदीजाभाभी निगेटिव्हवर पेन्सिलनं कुणाच्या तरी सुरकुत्या बुजवत होत्या. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या त्यांच्या पेन्सिलीनं तरुण झाल्या होत्या.

"शब्द द्यायला कुनी सांगितलेलं?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

"निघून गेला तोंडातून."

"फोटोच्या वेळी हसू नका म्हनता. बोलू नका, हे सोताला सांगा कधी तरी."

सकाळी त्यांनी तो गुळगुळीत फोटो भरावावर नेला. लपवून काही करायचं नाही, ही वडिलांची शिकवण इथंही आडवी आली. "साहेबाला असा पायजे," ते म्हणाले. "माझा शब्द जातो, वेणूबाई. माफ करा."

फोटो हातोहात फिरला. पुतळानं तो उलटा करून मागे पाहिलं, जणू तोंडं त्या बाजूला छापली असावीत.

"ह्या कोन म्हनायच्या?" वेणूबाई म्हणाली. "पाठी काय, समद्यांच्या सारख्याच. माझी माय आली तरी तिला मी घावायची न्हाई यात." ती घमेलं घेऊन निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. "हारुनभाऊ, आमी माती टाकतो तवा कुठं बघतो?"

"खाली."

"मंग तुमी वर कशाला हुबे ऱ्हाता? खाली जा की."

भरावाखालून पाणी जायच्या मोरीच्या बांधकामाला लागून एक खड्डा बुजवायचा होता. सदूनं हात देऊन हारुनभाईंना त्यात उतरवलं. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. याशिकात चित्र कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या काचेत दिसतं, ती वरून वाकून बघायची असते. त्यांनी कॅमेरा आडवा केला, भिंगं आभाळाकडे, तर काच बरोबर डोळ्यांसमोर आली. आता ते नाकासमोर बघत होते आणि त्यांना आभाळ दिसत होतं. मग आभाळाच्या कडेनं एकेक तोंड वाकलं.

"सगळे दिसतात!" खड्ड्यातून आवाज आला. "आता टाका. पन त्या बाजूला टाका!"

टोळीनं घमेली कलती केली. आणि हारुनभाईंच्या तोंडून, सवयीनं, लग्नमांडवातल्या आवाजात निघालं, "इकडं बघा, हसू नका!"

खड्ड्यात बसलेला, डोळ्यांसमोर आडवा कॅमेरा धरलेला माणूस समोरच्या मातीला हसू नका म्हणतो आहे, हे पाहून सगळ्यांआधी पुतळाला हसू फुटलं. तिच्या हातातलं घमेलं त्या बाजूला जायचं ते या बाजूला आलं. सगळा मुरूम हारुनभाईंच्या डोक्यावर. त्यांचं बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं.

त्या फोटोत कोणी हललेलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. मुरूम हवेत आहे, त्याचा एकेक खडा दिसतो. त्याच्या मागे गोल करून वाकलेली तोंडं, उघडी, दात दिसणारी, सरळ तुमच्याकडे बघणारी. मी कैक वर्षं अंधाराविषयी लिहिलं आणि खड्ड्यातून वर बघितलं तर काय दिसतं हे मला ठाऊक आहे असं समजत होतो. मला हे ठाऊक नव्हतं.

श्यामसुंदर साहेबांनी फोटो उजेडाला धरला. हसू आवरायला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काम चाललंय, ते कबूल. पण हारुनभाई, यात भराव कुठं दिसतो?"

"भराव माझ्यावर हाय, साहेब."

फोटो वाशीला लागला, दाराजवळच. खाली पाटी होती, 'भरावाचे काम प्रगतिपथावर'. पहिल्याच रविवारी सगळी टोळी ठेवणीतली लुगडी नेसून एसटीनं गेली. वेणूबाई फोटोपुढे उभी राहिली, शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून म्हणाली, "ही मी," आणि त्या बाईनं एकदा भिंतीकडे, एकदा तिच्याकडे बघून मान डोलावली. हारुनभाई मागे उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच कपाळ पुसलं.

पुतळा मात्र खूश नव्हती. कलत्या घमेल्यामागे तिचं निम्मं तोंड गेलं होतं.

"एकेकाचं तोंड म्हनला व्हता. माझं निम्मंच हाय."

"माती कुनी टाकली माझ्यावर?"

"ते ऱ्हाऊ द्या. शब्द म्हंजे शब्द."

दुसऱ्या दिवशी ती नूर स्टुडिओत हजर झाली. काखेत घमेलं. "ऱ्हायलेलं निम्मं काढा," म्हणाली. हारुनभाईंनी तिला रंगवलेल्या तळ्यापुढे उभं केलं, हंसाच्या डाव्या अंगाला, सरळ. केस विंचरायला वेळ दिला. घमेलं कुठं धरायचं यावर जरा वाद झाला. मग ते कॅमेऱ्यावर वाकले आणि तोंड उघडणार एवढ्यात आतून खदीजाभाभींचा आवाज आला.

"इकडं बघा, हसू नका!"

त्या दिवशी हललेला एकच माणूस होता, आणि तो कॅमेऱ्याच्या मागे होता. तो फोटो माझ्याकडे आहे. पुतळाला दोन तोंडं आली आहेत, दोन्ही पुरी.