लॉगिन कुणाचं आणि हात कुणाचे

मी लातूरच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी, सर्व्हर बसला तरी मीच. मुरुडहून रोज एसटीनं येणं-जाणं. गावात मला कॉम्प्युटरवाला म्हणतात, त्याचा मला लई अभिमान. होता, असं म्हणावं लागेल आता.

दवाखान्याची स्वतःची रक्तपेढी आहे. तिथल्या टेक्निशियन ताई उदगीरच्या, वयानं पन्नाशीच्या आसपास. कामाला वाघ, जिभेला तिखट, पण कॉम्प्युटरला भ्यायच्या. लॉगिन करताना पासवर्ड पुटपुटायच्या आणि मी ओरडायचो, ‘‘ओ ताई, पार गंजगोलाईच्या बाजारापर्यंत ऐकू जायलंय!’’ त्या म्हणायच्या, ‘‘जाऊ द्या की. तुमच्या त्या डब्यात चोरण्यासारखं हाय तरी काय?’’

एकदा मोठं रक्तदान शिबिर झालं. पिशव्यांचा ढीग लागला. प्रत्येक पिशवीचं एक कार्ड, त्यावर तपासलेला रक्तगट, आणि तो कॉम्प्युटरमध्ये टाकला की लेबल छापून निघतं. ऐन त्या गडबडीत लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर एकच मशीन चालतं. मग सगळे पाळीपाळीनं त्याच खुर्चीत. एक जण लॉगआउट करून उठला, की ती गरम असतानाच दुसरा टेकतो. लाईट गेल्यावर आमच्याकडं असंच चालतं, वर्षानुवर्षं.

पाच-सहा दिवसांनी एका बाळंतिणीला रक्त लागलं. पिशवी काढली, क्रॉसमॅच केलं, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळवून बघितलं, आणि तिथल्या तिथं बोंब झाली. पिशवीतलं रक्त ए, लेबलवर ओ. पेशंटपर्यंत काही पोचलं नाही, बाई सुखरूप घरी गेली. पण कुणी घाईत तपासलं असतं तर?

कार्डावर ए बरोबर लिहिलेला होता. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये टाकतानाच चूक झालेली. कुणी टाकलं ते शोधायला मला सांगितलं. मी नोंदवही उघडली, म्हणजे मशीन आपोआप ठेवतं ती, कुणी कधी काय केलं त्याची. नोंद ताईंच्या लॉगिनची. मी कागद छापला, खाली सही ठोकली, दिला वर पाठवून.

ताईंना घरी बसवलं. चौकशी लावली नांदेडला, आमच्या संस्थेच्या मोठ्या हॉस्पिटलात. चूक सिद्ध झाली तर नोकरी जाणार, आणि असा ठपका घेऊन दुसऱ्या कुठल्या पेढीत कोण उभं करणार त्यांना?

त्या मला भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘दादा, त्या टायमाला मी फ्रीजपाशी व्हते हो. लाईट गेली म्हणून पिशव्या आत लावायले व्हते. खुर्चीत नव्हतेच की मी.’’

मी काय म्हणालो माहितीय? आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हणालो, ‘‘ताई, माणूस विसरतो. मशीन विसरत नाही.’’ वर हसलोसुद्धा. त्या उठून गेल्या.

चौकशीच्या दिवशी लातूरहून आम्ही एकाच एसटीनं निघालो. मी मागं बसलो, मुद्दाम. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून पेरू घेतले आणि मागं येऊन एक माझ्या हातात दिला. ‘‘खावा. तुमी काय मुद्दाम करायलात का? जे दिसलं ते सांगायलात,’’ म्हणाल्या. मी तो पेरू तसाच बॅगेत टाकला. तरी मनात हेच, की बाई चांगली आहे, पण चूक ती चूक.

नांदेडला संस्थेचे मोठे साहेब, दोन डॉक्टर आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. आमच्याकडं चालतं तेच सॉफ्टवेअर त्यावरही. साहेबांनी स्वतःचं लॉगिन करून ताईंची फाइल बघितली, लॉगआउट केलं आणि म्हणाले, ‘‘नोंद कशी होते ते आम्हाला करून दाखवा.’’ ते उठले, आणि सवयीनं मी गरम खुर्चीत जाऊन बसलो. माझं नाव, माझा पासवर्ड. एक खोटं कार्ड भरलं. ‘‘आता बघा साहेब, इथं माझं नाव येईल,’’ असं म्हणून ऐटीत नोंदवही उघडली.

नाव साहेबांचं होतं.

‘‘अहो, मी तर इथं उभाय,’’ साहेब म्हणाले.

मी नाव दोनदा वाचलं. परत केलं. साहेबांना बसवलं, उठवलं, लगेच मी बसलो. परत साहेबांचंच नाव! मग पाच मिनिटं थांबून केलं, तर माझं आलं. आयला, हे काय झेंगट?

त्याचा उलगडा नंतर झाला. लॉगिन सांभाळणारा जो भाग मशीनच्या पोटात असतो, तो माणूस गेला की त्याची मेमरीतली जागा रिकामी करतो. पण ती आता रिकामी आहे हे स्वतःच विसरतो, आणि घाईनं दुसरा आला की त्याला जुनीच ओळख चिकटवतो. एसटीत एखादा उतरून जावा, त्याचा रुमाल सीटवर तसाच राहावा, आणि पुढं तिथं बसणाऱ्याला कंडक्टरनं रुमालवालाच समजावं, तसं. पडद्यावर नाव माझं दिसायचं, नोंद मात्र आधीच्याच्या नावावर व्हायची. कंपनीनं पुढं दुरुस्ती पाठवली, दिलगिरीही कळवली. एका खुर्चीत इतक्या घाईनं माणसं बदलतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पण त्या क्षणी मला त्यातलं काही सुचत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. ताई फ्रीजपाशी होत्या, तर खुर्चीत कोण होतं?

मी होतो. लाईट गेल्यावर ताई उठल्या आणि ‘आणा, दहा-बारा कार्डं मी मारतो’ म्हणत मीच टेकलो होतो. पार विसरून गेलो होतो. नोंदवहीत त्या दिवशी माझ्या नावावर एकही कार्ड नव्हतं. ते खटकायला पाहिजे होतं मला! पण मी फक्त ताईंचं नाव शोधलं. आपलं कोण शोधतं?

बाळंतिणीच्या पिशवीवर ओ लिहिणारे हात माझे होते. कुणाला कधी कळलं नसतं, मशीनच्या माथी मारून मोकळा झालो असतो. तसा विचार आलाही, खोटं कशाला बोलू. पण ताई समोर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

‘‘साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘ते कार्ड मी टाकलं. ताई खरं बोलत होत्या.’’

वाटलं, आता ताई शिव्या घालतील. त्यांचा हक्कच होता, मी तर वाटच बघत होतो. त्या खुर्ची सरकवून पुढं आल्या.

‘‘म्हंजे म्या न्हाई टाकलं?’’

‘‘न्हाई ताई.’’

‘‘खरंच न्हाई?’’

त्यांनी पर्स उघडून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढं केला. त्यांच्याच अक्षरात, सुवाच्य, वर मोठ्या साहेबांचं नाव. त्या दिवशी तो देऊनच लातूरला परतायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यावर लिहिलं होतं: चूक माझ्या हातून झाली. मला आठवत नाही, पण झाली असणार. डोळे तपासून आले, ते ठीक आहेत, म्हणजे माझं डोकंच चालत नसेल. कुणाचा जीव जाण्याआधी मला कामावरून कमी करावं.

मी वाचलं, आणि मला रडू फुटलं. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर.

ताईंनी कागद परत घेतला.

‘‘मग हे आता फाडू का?’’ त्यांनी विचारलं, आणि तेही मलाच.